चिमटीचा केस

"आपल्या घरात हवेला स्वतंत्र खोली आहे आणि बाळाला नाही," असं मी एकदा भाजी निवडता निवडता बोलून गेले. सासूबाईंनी गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच म्हणतेय. तेव्हा बाळाच्या जागी मी होते."

खोली तशी लहानच, पण घरातली सगळ्यात शांत. मागच्या अंगाची, त्यामुळे रस्त्याचा आवाज नाही. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन जमिनीच्या मधोमध बसतं, मांजर बसावं तसं. त्या खोलीत माझ्या सासऱ्यांची यंत्रं राहतात. सासऱ्यांनी जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या, गावाला जवळचं-लांबचं दिसायला लावलं, आणि स्वतःला मात्र जे दिसतच नाही त्याचा नाद लागला. हवेचा. फिरायला जाऊन खातात ती हवा नव्हे, मोजायची हवा. भिंतीवर हवेचा दाब दाखवणारी जुनी यंत्रं, कुठलं ताटाएवढं गोल, कुठलं व्हायोलिनच्या पेटीसारखं उभं. काचेच्या कपाटात पाऱ्याच्या नळ्या, कायम कुलपात. पाऊस मोजायचं पितळी नरसाळं. आणि वर, कपाटाच्या माथ्यावर, कुठल्याशा छपरावरून उतरवलेला वाऱ्याचा लोखंडी कोंबडा. खिडकी कधीच उघडत नसल्यामुळे तो वर्षानुवर्षं एकाच दिशेला बघतो. त्या दिशेला भिंत आहे.

"अंडी देत नाही ते मी समजू शकते," सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "पण मेला आरवतही नाही."

खिडकी न उघडण्याचं कारण सोपं होतं. बाहेरची हवा आत आली की आतली बिघडते. दारसुद्धा हळू उघडायचं, अंगानं आत सरकायचं आणि बोलायचं झालं तर तोंड भिंतीकडे करून. सासरे म्हणत, "हवा मोजायची तर ती आधी एका जागी बसायला हवी."

आमची मुलगी मात्र एका जागी बसेना. हाताला लागेल ते ती दोन बोटांत धरते, माझा कान, आजीची बांगडी, बापाच्या नाकाचं टोक, म्हणून तिला चिमटी म्हणतात. तिचा पाळणा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळकांडीत होता. उशाशी फ्रीज, तो मधूनच अंगात आल्यासारखा थरथरायचा. पायथ्याशी न्हाणीघराचं दार, त्याला किती तेल पाजलं तरी ते कुरकुरायचं ते कुरकुरायचंच. जो कोणी जाईल तो पाळण्याला खेटूनच जाणार. चिमटी तुकड्यातुकड्यानं झोपायची, आणि ते सगळे तुकडे जोडूनही माझी एक झोप होत नव्हती. मी एकदा मीठ समजून चहाची पूड वरणात घातली. दुसऱ्यांदा फोनवर दवाखान्यातल्या बाईंनी माझं नाव विचारलं तर मला पटकन आठवेना. मी "थांबा हं, विचारून सांगते" म्हटलं.

खोली मागायची हिंमत माझ्यात नव्हती. सासूबाईंच्यात होती.

"अहो, त्या पोरीला झोपायला जागा नाही नि तुमच्या नळ्या पाय पसरून झोपल्यात."

"नळ्या झोपत नाहीत. त्या काम करतात."

"काय काम करतात?"

"हवा दाखवतात."

"मग खिडकी उघडा की. फुकट दिसेल."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. राग आला की ते बोलत नाहीत, चष्मा पुसतात. घरात खरा चढणारा पारा सासूबाईंचा. चष्मा पुसून झाल्यावर सासरे म्हणाले, "अगं, बाळ तिथे झोपलं तर श्वास घेईल."

"घेईलच. आपल्याकडे तशीच पद्धत आहे."

"श्वासात ओल असते. दुसऱ्या दिवसापासून एकही काटा खरं बोलणार नाही."

इथे मंडळाबद्दल सांगायला हवं. जुनी हवायंत्रं गोळा करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. सभासद सगळे पिकल्या केसांचे, एकमेकांशी फक्त आर्द्रतेवर भांडणारे. ज्याच्या संग्रहातलं प्रत्येक यंत्र चालू असेल त्याला मंडळाचे परीक्षक येऊन 'जिवंत संग्रह' म्हणून मान देतात. एकही बंद असेल तर 'मृत'. अधलंमधलं काही नाही. आणि एकदा का संग्रह जिवंत ठरला की त्यातला खिळासुद्धा हलवायचा नाही, असा नियम. सासऱ्यांना त्या मानाचा ध्यास होता. परीक्षक येत्या पौर्णिमेच्या आसपास येणार होते. नक्की दिवस ते कधीच कळवत नसत, हवा पाहून ठरवत.

"ठीक आहे," सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "ते तुमचे परीक्षक 'मृत' म्हणाले तर खोली चिमटीची. दिला शब्द?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला, घातला, काढला. "दिला. आणि जिवंत म्हणाले तर पुन्हा हा विषय नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

सगळी यंत्रं चालू होती. एक सोडून.

ते सगळ्यात छोटं आणि सासऱ्यांचं सगळ्यात लाडकं. पितळेची गोल डबी, तळहातावर मावणारी, आत एक काटा. हवेतली ओल दाखवणारं, आणि ते चालायचं माणसाच्या केसावर. केस ओल्या हवेत किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. त्याचं एक टोक डबीच्या कडेला, दुसरं काट्याच्या चाकाला. केस हलला की काटा हलला. तबकडीवरची मूळ अक्षरं झिजून गेलेली, म्हणून सासऱ्यांनी कागदाच्या इवल्याशा पट्ट्यांवर आपल्या सुबक अक्षरात लिहून चिकटवलं होतं: कोरडं, बरं, दमट, ओलं, चिंब. त्यातला जुना केस गेल्या महिन्यात तुटला. सासरे भिंगातून बघत असताना त्यांना शिंक आली, बस्स.

"एवढंच ना?" माझा नवरा म्हणाला. "केस तर केस. लावून टाका."

सगळ्यांनी एकदा त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि विषय पुढे गेला. तिथे दुपारी खिडकीचं प्रतिबिंब पडतं.

पहिला केस सासूबाईंचा. केसावरचा तेलकटपणा जावा म्हणून तो आधी स्पिरिटमध्ये धुवायचा असतो. सासरे बशीत स्पिरिट घेऊन बसले, केस बुडवला, आणि बशीतलं स्पिरिट हळूहळू काळंभोर झालं. सासूबाई उठताबसता म्हणतात, माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत. ते पांढरे झालेत हेच मुळात आम्हाला त्या दिवशी कळलं.

"स्पिरिट शिळं आहे," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

केस लावला. काटा 'बरं'वर जाऊन बसला तो उठेना. किटलीची वाफ दिली, 'बरं'. हेअर ड्रायरचा झोत दिला, 'बरं'. न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादलीवर टांगली, डबीतून थेंब गळायला लागले तरी 'बरं'.

आतून आवाज आला, "लग्नापासून मीही तेच म्हणत आलेय!"

मग माझा. माझे केस त्या दिवसांत मुबलक होते, म्हणजे डोक्यावर नव्हे, कंगव्यात. बाळंतपणानंतर गळतात तसे गळत होते; उशीवर, गुळगुळीत फरशीवर, एकदा तर चिमटीच्या मुठीत. सासऱ्यांनी एक निवडला, धुतला, बसवला. काटा थोडा वर चढला, मध्येच थबकला, आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली कलंडला. पुन्हा वर केला, पुन्हा कलंडला. सासऱ्यांनी डबी कानाशी धरली.

"काय झालं, बाबा?"

"हा केस थकलेला आहे," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

"हे वाक्य पुन्हा म्हणा," मी म्हटलं. "तुमचे चिरंजीव शेजारच्या खोलीत आहेत, त्यांना ऐकू जाईल असं."

पण मला रडूच यायला लागलं. इतक्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदा मोजून बघितलं होतं.

सासऱ्यांनी तो केस फेकला नाही. दुसऱ्या एका रिकाम्या डबीत ठेवला. म्हणाले, "असू दे. विश्रांती मिळाली तर उठेल."

दोन दिवसांनी सकाळी मी कपडे वाळत घालून आत आले तर सासरे पाळण्यावर ओणवे झालेले. एका डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा, श्वास रोखलेला. चिमटी त्यांच्याकडे टक लावून बघत होती आणि दोन बोटांनी त्यांची भुवई धरून होती.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही," ते न हलता म्हणाले. हलता येतच नव्हतं. "हवा बघतोय."

"पाळण्यातली?"

"उशीवरची." मग हळूच, "हे बघ, मी तिच्या केसालाही धक्का लावलेला नाही. हा आपला आपणच पडलाय."

ते खरं होतं. झोपेत डोकं इकडून तिकडे घासून चिमटीला मागे रुपयाएवढं टक्कल पडलं होतं, आणि पडलेले केस उशीवर राहायचे. सासऱ्यांच्या चिमट्यात एक केस होता. बोटभर लांब, इतका बारीक, की उन्हात धरला तर नुसती चमकणारी रेघ आणि सावलीत धरला तर काहीच नाही. स्पिरिट नको, काही नको. म्हणाले, असा केस उभ्या जन्मात पाहिला नाही. चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं, ज्यानं केसाच्या जाडीवर आयुष्य काढलं, त्यानं हे म्हणावं!

"घेऊ?" त्यांनी विचारलं.

मला कळत होतं मी कशावर 'हो' म्हणतेय. केस चालला तर संग्रह जिवंत, संग्रह जिवंत तर पाळणा कायमचा फ्रीजपाशी. पण ते भुवई धरवून घेऊन ओणवे उभे होते आणि परवानगी मागत होते.

"घ्या," मी म्हटलं. "आणि भुवई सोडवायची असेल तर तिच्या तळव्याला फुंकर घाला. ओढू नका."

चिमटीचा केस बसवताच काटा असा काही उसळला, जणू त्याला कोणी हाक मारली. 'बरं'वर आला, 'कोरडं'वर गेला, परत 'बरं'. सासऱ्यांनी किटलीची वाट न बघता आनंदानं चष्मा पुसला. राग नसताना पुसलेला मी तो पहिल्यांदाच पाहिला.

आणि तासाभरानं खोलीतून आवाज आला, "ओलं!"

बाहेर कडक ऊन. वाळत घातलेल्या चादरी पापडासारख्या झालेल्या. सासरे छत्री घेऊन खाली गेले, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला "कपडे आत घ्या" सांगून आले, आणि सगळी आळी हसली. थोड्या वेळानं काटा आपसूक 'कोरडं'वर. जेवणं झाल्यावर पुन्हा, "ओलं! अगं, चिंबकडे चाललाय!" पुन्हा छत्री. चौथ्या दिवशी दुकानदार त्यांना लांबून बघूनच आकाशाकडे हात जोडायला लागला.

"कुठेतरी पाऊस पडत असणार," सासरे म्हणाले. "फार संवेदनशील केस आहे. लांबचं दाखवतोय."

"कुठेतरी पाऊस नेहमीच पडत असतो," नवरा म्हणाला.

मला कळायला वेळ लागला, कारण मला त्या दिवसांत सगळंच कळायला वेळ लागायचा. "ओलं!" अशी आरोळी आली की मी सवयीनं पाळण्याकडे जायची. का, ते माहीत नाही. आईला ओलं म्हटलं की हात लंगोटाकडेच जातो. आणि दर वेळी लंगोट ओला असायचा. ताजा, गरम. मी बदलायची, आणि खोलीतून आवाज यायचा, "कोरडं झालं बरं का!"

मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, योगायोग. मी म्हटलं, मग तू घड्याळाकडे बघ आणि मी बाळाकडे. अर्ध्या दिवसात योगायोगाचा घाम निघाला. आम्ही सासूबाईंना सांगितलं. त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही.

"त्यात काय? केस तिचा, तर बातमी तिचीच देणार. माझ्या केसानं काय तुझी बातमी द्यायची?"

सासऱ्यांना सांगायला मात्र कोणी धजेना. शेवटी सासूबाईंनीच जेवताना ताटात आमटी वाढत वाढत सांगितलं. सासरे ताठ झाले. "हे शास्त्र आहे. लंगोट नव्हे." आणि चष्मा पुसत खोलीत गेले. दार हळू लावलं, पण लावलं.

त्यानंतर आरोळ्या बंद झाल्या. मला त्यांची सवय लागली होती. चिमटीला ओल्यात पडून राहावं लागू नये म्हणून मी उगाच पुन्हा पुन्हा चाचपायला जायची. एकदोनदा असं झालं, की मी आत येते तो सासरे बोळकांडीतून परत खोलीकडे वळलेले, पाठमोरे. विचारलं तर म्हणायचे, "पाणी प्यायला आलो होतो." हातात पेला मात्र कधीच नसायचा.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी हवा काचेसारखी लख्ख होती. बारीकसा वारा, आणि इतकं कोरडं की बोलताना ओठ चिकटत होते. "आज येणार," सासरे म्हणाले आणि त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. बटणं एकेक घर चुकून लागली होती. सासूबाईंनी सगळी काढून पुन्हा लावली.

मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं बोळकांडीत कोणी नाही. मग कुजबुज ऐकू आली. सासरे पाळण्याशी वाकले होते.

"चिमटे," ते म्हणत होते, "आज जरा सांभाळून घे. तासभराचा प्रश्न आहे गं. म्हाताऱ्यासाठी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. शास्त्रही माहीत होतं आणि लंगोटही.

तर असं होतं. त्या दिवशी हवा कोरडी होती, म्हणून काटा 'कोरडं'वर हवा होता. चिमटी कोरडी राहिली तर यंत्र बरोबर, संग्रह जिवंत, आणि पाळणा फ्रीजपाशी. चिमटी ओली झाली तर यंत्र खोटं, संग्रह मृत, आणि खोली आमची, ते मांजरासारखं ऊन, ती शांतता, सगळं. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं तिला वाटीभर पाणी पाजायचं आणि हात धुवायचे. केसानं गळा कापणं म्हणतात ते इतकं सोपं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मी वाटी भरलीसुद्धा. सासूबाईंनी ती पाहिली. मग त्या कपाट उघडून धुतलेल्या लंगोटांची चळत घेऊन आल्या आणि ओट्यावर, वाटीच्या शेजारी ठेवली. "दोन्ही इथे आहेत," म्हणाल्या. "आई तू आहेस. मला विचारू नकोस."

मी पाणी स्वतः प्यायले आणि लंगोट उचलले.

परीक्षक आले. अंगात स्वेटर, वर रेनकोट, कपाळावर गॉगल, पायात गमबूट. कुठल्याच हवेवर विश्वास नसलेला माणूस. कडेवर एक पेटी होती, मूल घ्यावं तशी, आणि बोलताना ते तिला हलके हलके झोके देत होते. पेटीत त्यांचं स्वतःचं यंत्र, ज्याच्याशी बाकीची ताडून बघायची.

"आवाज कमी," दारातच ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "आत्ताच स्थिर झालंय."

"आमचंही," नवऱ्यानं पाळण्याकडे बोट दाखवलं.

ते सासऱ्यांबरोबर अंगानं खोलीत सरकले. दार किलकिलं राहिलं. आणि बाहेर आमची धावपळ सुरू झाली. मी लंगोट काढते, नवरा दुसरा पुढे करतो, सासूबाई वापरलेला उचलतात. थेंब दिसला की बदल. थेंब नसला तरी बदल. आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावर आदळत, चवड्यांवर, तोंडातून हूं की चूं न करता पाळण्याभोवती फिरत होतो, आणि चिमटीला हा आजवरचा सगळ्यात चांगला खेळ वाटत होता. तिनं बापाचं नाक धरलं.

आतून परीक्षकांचा आवाज येत होता. "दाब, बरोबर. तापमान, बरोबर. हा कोंबडा?"

"वारा नाही, म्हणून हलत नाही."

"बरोबर. भिंत दाखवतो, आणि भिंत आहे." गमबूट पुढे सरकले. "आणि हे केसाचं?"

आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. मी लंगोट चाचपला. कोरडा. खणखणीत.

"कोरडं," आतून परीक्षक म्हणाले. "माझंही कोरडं. तर मग—"

फ्रीज थरथरला. चिमटी दचकली. आणि दचकल्यावर जे व्हायचं ते झालं, माझ्या हातावरच, गरम.

"थांबा," आतला आवाज बदलला. "हा काटा हलतोय. दमट. ओलं. अहो, हा चिंबला चाललाय! माझं यंत्र हललेलं नाही." आवाजातला झोके देणारा सूर गेला होता. "मला वाईट वाटतं, चष्मेवाले. हे यंत्र खोटं बोलतंय. संग्रह—"

"खोटं नाही!"

सासऱ्यांनी दार धाडकन उघडलं. त्या घरात ते दार धाडकन उघडलेलं कोणी ऐकलं नव्हतं. भिंतीवरचे सगळे काटे एकदम शहारले असणार. त्यांनी परीक्षकांचा हात धरून त्यांना बोळकांडीत आणलं. "हे यंत्र आजवर एकदाही खोटं बोललेलं नाही. एकदाही नाही! हात लावून बघा."

परीक्षकांनी पेटी सासूबाईंच्या कडेवर दिली, रेनकोटाची बाही सावरली आणि एका बोटानं लंगोट चाचपला. बोट डोळ्यांजवळ नेलं. मग मान वाकवून चिमटीच्या डोक्यामागचं टक्कल पाहिलं, खोलीत जाऊन डबीतला केस पाहिला, परत येऊन पुन्हा टक्कल.

"केस हिचा?"

"हिचा."

"बदला," ते मला म्हणाले. मी लंगोट बदलला. ते खोलीत गेले, आतून म्हणाले, "कोरडं," आणि बाहेर आले. गॉगल डोळ्यांवर ओढला, पुन्हा कपाळावर चढवला. आम्ही श्वास रोखला होता, सवय होती.

"यंत्र बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "फक्त याची हवा वेगळी आहे. इतर यंत्रांची हवा खोलीत, याची हवा पाळण्यात. पण नियम साफ आहे. यंत्र आणि त्याची हवा एका खोलीत असली पाहिजे. यंत्र इकडे आणि हवा तिकडे बोळकांडीत, तेही फ्रीजच्या शेजारी! हा निष्काळजीपणा आहे, चष्मेवाले. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

सासऱ्यांनी मान खाली घातली. "चूक झाली."

"आता यंत्र बाहेर आणता येत नाही, कारण संग्रह एकत्र हवा. म्हणून हवा आत न्यावी लागेल. पाळण्यासकट."

"पण ती श्वास घेते," नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की केस असते तर उभे राहिले असते.

"हवेनं श्वास घेऊ नये असा नियम नाही," परीक्षक म्हणाले. "ज्या खोलीत श्वास घेणारी हवा आहे तिथे खिडकी उघडी लागते, हे मात्र उघड आहे." त्यांनी सासूबाईंच्या कडेवरून आपली पेटी परत घेतली, सासूबाई नकळत तिला थोपटत होत्या. "मी इतके संग्रह पाहिले. आजवर ज्यांना 'जिवंत' म्हणत आलो ते उगाच, खरा जिवंत हा, हे आज कळलं."

त्यांनी खिशातून दोरी लावलेली एक चिठ्ठी काढली, प्रत्येक यंत्राला बांधतात तशी, आणि चिमटीच्या पायाला सैलसर गाठ मारून बांधली. चिठ्ठीवर छापलं होतं: हात लावू नये. चिमटीनं ती तत्काळ तोंडात घातली. मी तत्काळ सोडवून पाळण्याच्या दांडीला बांधली.

दारातून निघता निघता ते वळले. "आणि हो. यंत्राची देखभाल संग्राहकानं स्वतः करायची. इतर कुणी हात लावलेला मंडळाला चालत नाही."

"सगळी देखभाल?" सासऱ्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"विशेषतः ओलं असताना."

दुपारी खिडकी उघडली. बिजागरी गंजलेली होती; नवऱ्यानं लाथ घातली तेव्हा उघडली. वारा आत आला आणि कपाटावरचा कोंबडा किरकिरत अर्धा फिरला. इतक्या वर्षांनी तो भिंतीऐवजी पाळण्याकडे बघायला लागला. पाऱ्याच्या कपाटाच्या कुलपाची किल्ली मी सासऱ्यांकडून मागून घेतली आणि माझ्या मंगळसूत्रात ओवली. चिमटी उन्हाच्या त्या तुकड्याशेजारी झोपली. तुकड्यातुकड्यानं नव्हे. अख्खी.

मी दाराशी उभी राहून बघत होते. सासरे खांद्यावर लंगोट टाकून, हातात भिंग घेऊन, डबीसमोर स्टुलावर बसले होते.

"तू जा," ते तोंड भिंतीकडे करून म्हणाले. "इथे तुला हात लावायची परवानगी नाही."

मी आडवी झाले ते फक्त पाठ टेकायला म्हणून. उठले तेव्हा उशीची घडी गालावर उमटली होती, बाहेर संध्याकाळ होती आणि कुठेतरी कोणीतरी शिट्टी वाजवत लंगोट पिळत होतं. सासूबाई चहाचा कप घेऊन दाराशी आल्या.

"झाली का गं झोप?"

त्यांच्या पाठीमागून सासऱ्यांनी डोकं काढलं. हातात ती दुसरी डबी होती, जिच्यात त्यांनी माझा केस ठेवला होता. आता तिच्यात त्यांनी एक काटा बसवून तो केस त्याला जोडला होता. ते डबी दिव्याकडे धरून भिंगातून बघत होते.

"तिला आत्ताच काही विचारू नकोस," ते बायकोला म्हणाले. "काटा अजून वर येतोय."